गाळा नंबर चार: अख्खे अल्बम ऐकण्याच्या नोंदी

दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, सिनेमाबाहेरचं काहीतरी ऐकायला सांग ना." मला हुरूप आला. त्याच रात्री चाळीस अल्बमांची यादी करून पाठवली. आठवड्यानं विचारलं तर गड्यानं चाळीसच्या चाळीस 'ऐकून' संपवले होते. प्रत्येकाचं पहिलं गाणं, अर्धा मिनिट. "बरे आहेत," एवढंच म्हणाला.

मग ठरवलं की यादी द्यायची नाही, माणसं बसवायची. मिरजेत आमचा एक बंद गाळा आहे, तिथं पंधरा दिवसांतून एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता एक अख्खा अल्बम लावायचा. गाण्याच्या बैठकीला बसतो तसं बसायचं. दुसऱ्या कुणाला आपल्या गावात असं करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवल्या. तिकीट नाही, बाहेर पाटी नाही, ओळखीची दहाबारा माणसं आणि चहासाठी एक डबा.

५ जानेवारी २०२५, रविवार

गाळा म्हणजे वडिलांची पिठाची गिरणी. सात वर्षं बंद. दहा बाय अठरा फूट, तिन्ही बाजूंना उघड्या सिमेंटच्या भिंती, समोर लोखंडी शटर. मशीन कधीच विकलं, पण पीठ अजून भेगाभेगांत आहे. दोन माणसं लावून साफसफाई, ₹६००. आख्खा दिवस गेला आणि रात्री मी शिंकत बसलो.

यादी चाळायला घेतली. पहिली अट: मी स्वतः तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमान दहा वेळा ऐकलेला असावा. चाळीसातले चौदा इथंच गळले. म्हणजे मी भाच्याला चौदा अल्बम नीट न ऐकताच सुचवले होते. नावं मासिकांच्या 'सर्वोत्तम शंभर'मधून उचललेली, आणि आव असा की आपण त्यांच्यासोबतच लहानाचे मोठे झालो. दुसरी अट: पन्नास मिनिटांच्या आत संपावा, कारण त्यापुढे लोकांची मांडी दुखते. तिसरी: सिनेमासाठी केलेलं नसावं. उरले अकरा.

१२ जानेवारी

पहिली बैठक. पूर्ण फसली.

मी लावला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा 'लव्हलेस', १९९१चा. का? मला आवडतो म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की लोकांनी म्हणावं, बाबा काय ऐकतो हा माणूस. स्पीकर मंडपवाल्याकडून आणले, लग्नात वरातीपुढे असतात ते, भाडं ₹१,५००. वर मी आधी वीस मिनिटं भाषण दिलं: बँडच्या केव्हिन शील्ड्सनं दोन वर्षं कशी घेतली, किती स्टुडिओ बदलले, कंपनी कशी मेटाकुटीला आली. लोक चुळबुळ करायला लागले होते तरी मी थांबलो नाही.

मग गाणं सुरू झालं आणि शटरही सुरू झालं. खालचा सूर आला की अख्खं शटर थरथरायचं. ती मंडळी मुळात गिटारच्या आवाजाच्या भिंती उभ्या करतात, त्यात आमचं लोखंड वाजतंय. सिमेंटच्या भिंतींवरून सगळं परत अंगावर येत होतं. नऊजण होते, तिसऱ्या गाण्याला चार उठले. शेजारचा रसवाला येऊन म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक पळालं माझं."

आमच्या गल्लीतले एक चाचा आले होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या तानपुरे आणि सतारी बनवतात. शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "ह्यांच्या तारा उतरल्यात. कुणी सांगितलं नाही का त्यांना?" मी समजावायला गेलो की शील्ड्स वाजवताना गिटारवरची छोटी दांडी हातात धरून सूर मुद्दाम हलवतो. चाचा म्हणाले, "हां हां," आणि चपला घालून गेले.

१९ जानेवारी

बैठक नाही. दुरुस्त्या.

वरातीचे स्पीकर परत. ते मैदानासाठी असतात, दहा फुटांच्या खोलीत त्यांचा उपयोग नाही. सांगलीत एकानं जुना अँप्लिफायर ₹५,५००ला दिला, आणि कपाटावर ठेवतात तसल्या छोट्या स्पीकरची जोडी ₹८,०००ला. जोडी अकरा वर्षांची आहे, एका स्पीकरची जाळी फाटलेली. आवाजाला काही झालेलं नाही.

भिंतींसाठी फोमचे तक्ते बघितले. किंमत ऐकून परत आलो. बायको म्हणाली, "आईच्या गोधड्या पेटीत पडून आहेत, त्या लाव." आठ गोधड्या. खिळे आणि सुतळी मिळून ₹२४०. भिंतीला चिकटवून लावू नका, चार बोटं जागा सोडून टांगा, फरक कळतो. टाळी वाजवून बघायची: आधी टाळीमागे 'टण्ण' असा शेपटा यायचा, आता येत नाही. गोधड्यांमुळे खोलीला आजोळचा वास येतो, हा वरकड फायदा.

शटरवर मात्र दोन दिवस गेले. आधी आतून थर्माकोल लावला, काही उपयोग नाही. मग लक्षात आलं की पत्रा वाजत नाही, शटरच्या कडा दोन्ही बाजूंच्या खोबणीत सैल आहेत, त्या आपटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खोबणीत ठासल्या. थरथर थांबली. खर्च शून्य, पंक्चरवाल्यानं ट्यूब फुकट दिली.

२६ जानेवारी

निक ड्रेकचा 'पिंक मून'. १९७२. या वेळी मुद्दाम उलट टोकाचा निवडला: एक माणूस, एक गिटार, शीर्षकाच्या गाण्यात तेवढा थोडा पियानो. अठ्ठावीस मिनिटांत संपतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला दोन रात्रींत ध्वनिमुद्रण उरकलं होतं. भाषण दोन वाक्यांवर आणलं, आणि इतरांनाही माझा हाच सल्ला: कोण, कुठला, कधीचा. बस्स. बाकी चहाच्या वेळी.

पण शांत अल्बम लावला की खोलीतले सगळे आवाज उघडे पडतात. स्पीकरमधून बारीक 'हूंऽऽ' येत होतं, सारखं.  शिवाय चौथ्या गाण्याला माझ्या सासऱ्यांचा फोन आला आणि रिंगटोन, जी एक आरती आहे, ब्लूटूथवरून अख्ख्या गाळ्यात घुमली. फोन ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडला होता, ते तिथंच बंद. पुढच्या वेळेपासून गाणी थेट लॅपटॉपवरून. त्याची वायर ₹४५०.

तरी ही बैठक जमली. सातजण होते, कुणी उठलं नाही. चाचांनी दुसऱ्याच गाण्याला मान वर केली. "ह्यानं तार वेगळी लावलीय. नेहमीची गिटार अशी वाजत नाही. खालची तार ढिली आहे, म्हणून बघा ती बोलते कशी." बरोबर होतं. ड्रेक गिटार स्वतःच्या पद्धतीनं लावायचा, बहुतेक गाण्यांत तारा वेगळ्या लावलेल्या. मी हे वाचून शिकलो होतो, चाचांनी ऐकून सांगितलं.

निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी विचारलं, "एवढंच? संपलं?" आणि मग, "पुन्हा लावता का?" लावला. अठ्ठावीस मिनिटांच्या अल्बमचा हा फायदा.

२९ जानेवारी

'हूंऽऽ'चा शोध. अँप्लिफायर बिघडलाय असं वाटून रिपेअरवाल्याकडे नेला. त्यानं दोन दिवस ठेवला, "कंडेन्सर बदलला" म्हणाला, ₹३५० घेतले. घरी आणून लावला, हूं जशीच्या तशी. रात्री साडेअकराला सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गेला. लॅपटॉप आणि अँप्लिफायर दोन वेगळ्या बोर्डांवर, दोन्हींना अर्थिंग, त्यांच्यामधून केबल गेली की गोल पूर्ण होतो आणि घरच्या विजेचा पन्नास हर्ट्झ स्पीकरमधून बोलायला लागतो. दोन्ही एकाच बोर्डवर आणले, आणि बैठकीच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर. काही लोक प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकायला सांगतात. तसं करू नका, आवाज जाईल आणि एखाद्या दिवशी माणूसही.

२ फेब्रुवारी

आजची बैठक वादाची होणार हे माहीत होतं. मिरजेत, जिथं दरवर्षी दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, तिथं चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' लावायचा म्हणजे जरा अंगावर घेणंच.

माझीच अट मी इथं वाकवली. चरणजित सिंग म्हणजे मुंबईतल्या सिनेमाच्या वाद्यवृंदातले नेहमीचे वादक. पण हा रेकॉर्ड सिनेमासाठी नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, एक तालाचं, एक बासचं, एक सिंथेसायझर, आणि एकट्यानं दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण शिकागोतल्या ज्या संगीताला ॲसिड हाउस म्हणतात ते असंच वाजतं, आणि त्यातला पहिला गाजलेला रेकॉर्ड १९८७चा. हे सगळं चहाच्या वेळी सांगितलं, आधी नाही. आधी फक्त: मुंबई, १९८२, दहा राग.

भैरवला हसू. ललतला कुजबुज. बाराजण होते, त्यातले तिघे गाणं शिकलेले. यमन सुरू झाल्यावर त्यातले एक उठून उभे राहिले. "हा यमन नाही. यमनाचे स्वर आहेत." दुसरे म्हणाले, "मग बसा आणि स्वर ऐका." गाणं चालू असताना बोलायचं नाही हा नियम तिथंच मोडला आणि मी मोडू दिला. मालकंसापर्यंत भांडण शांत झालं होतं. चाचा एकटे खाली वाकून स्पीकरच्या जवळ बसले होते. त्यांना ते बासचं यंत्र आवडलं, कारण ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. "मशीनला मींड कुणी शिकवली?" मी सांगितलं, त्यात तसं बटण असतं. चाचा बराच वेळ हसत होते.

चहा संपला, माणसं हलेनात. साडेआठला शटर ओढलं. पाहुण्याला नवं काही ऐकवायचं तर त्याच्या ओळखीचं काहीतरी त्यात असू द्या, ही आजची कमाई. 'लव्हलेस'मध्ये या लोकांच्या ओळखीचं मी काही दाखवलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी

इंडियन ओशनचा 'कंदिसा', २०००चा. दिल्लीचा बँड, सात गाणी. हा सोपा घास असं मी धरून चाललो आणि म्हणून बेसावध राहिलो.

लॅपटॉपवर शफल चालू होतं. दुपारी बायको त्यावर भजनं लावून स्वयंपाक करत होती, तिचा दोष नाही, बघायचं मी होतं. शेवटचं 'कंदिसा' दुसऱ्यालाच आलं. मला वाटलं माझ्याच डोक्यात क्रम चुकलाय! तिसऱ्या गाण्याला खात्री पटली. आता मधेच थांबवायचं की नाही? नाही थांबवलं, ही दुसरी चूक. हा अल्बम हळूहळू चढत जातो, आणि त्या शेवटच्या गाण्यात असीम चक्रवर्ती यांचा आवाज येतो तेव्हा आपण सहा गाणी चालून तिथं पोचलेलो असतो. आज आम्हांला कुणीतरी गाडीतून थेट कळसाला नेऊन सोडलं.

तरी दोन गोष्टी घडल्या. 'मा रेवा' संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "हे नर्मदेचं आहे." ते धुळ्याकडचे. धडगाव-अक्कलकुव्याची बुडालेली गावं त्यांच्या बोलण्यात आली. बँडचा बासवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, आणि हे गाणं त्याच खोऱ्यातून आलेलं आहे. दुसरी गोष्ट: आमच्या समोर एक मल्याळी सिस्टर राहतात. मिरज दवाखान्यांचं गाव, केरळच्या सिस्टर इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 'कंदिसा' लागल्यावर त्या बारीक आवाजात सोबत म्हणायला लागल्या. सगळे वळून बघायला लागले तर गप्प झाल्या. ती सीरियाकमधली जुनी प्रार्थना आहे, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या चर्चमध्ये म्हणतात. "लहानपणी पाठ होती," म्हणाल्या. "अर्थ विचारू नका. पवित्र देव, एवढं माहीत."

२३ फेब्रुवारी

नेहमीचा रविवार नव्हता, पण शफलची भरपाई म्हणून जादा बैठक ठेवली. कॅलेंडर न बघता. भारत-पाकिस्तान सामना. दोन माणसं आली: भाचा, कारण त्याला मी गाडी देणार होतो, आणि काकू, कारण त्यांना क्रिकेटमध्ये रस नाही.

दोघांसाठी 'कंदिसा' नको वाटला. स्लिंटचा 'स्पायडरलँड' लावला. हा यादीत होता पण मोठ्या घोळक्यात लावायची मला भीती होती. अमेरिकेतल्या लुईव्हिलची विशीतली पोरं, सहा गाणी, १९९१, आणि अल्बम दुकानात यायच्या आधीच बँड मोडलेला. मुखपृष्ठावर खाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली चार डोकी. गाणं कमी, कुजबुजत सांगितलेल्या गोष्टी जास्त, आणि मग अचानक गिटार फुटते. बाहेर कुणाचीतरी विकेट पडली की गल्लीत आरडाओरड व्हायची, ती नेमकी शांत जागांवर यायची. शेवटच्या गाण्यात तो ओरडतो तिथं भाच्यानं मोबाइल पालथा ठेवला. मी पाहिलं, बोललो काही नाही.

काकू म्हणाल्या, "इंग्रजी निम्मं कळलं नाही. पण पोरगं घाबरलंय, ते कळलं."

आतापर्यंतची सगळ्यात चांगली बैठक, हजेरी दोन.

२ मार्च

'कंदिसा', या वेळी क्रमानं. बारा माणसं. सिस्टर शेवटच्या गाण्याला मोठ्यानं म्हणाल्या. यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

९ मार्चला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आहे. त्या आठवड्यात काही ठेवायचं नाही, हे आज भिंतीवर लिहून ठेवलं.

१६ मार्च

रेमो फर्नांडिसचा 'गोअन क्रेझी'. १९८४. स्वतंत्र संगीत म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवतो. कंपन्यांच्या दारात उभं राहायचं सोडून या माणसानं गोव्यात शिवोलीला घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर गाणी ध्वनिमुद्रित केली, वाद्यं स्वतः वाजवली, आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या.

कॅसेट मित्राकडून आणली, म्हापशाहून. ती लावायला माझा जुना डेक माळ्यावरून काढला आणि इथं एक अख्खा आठवडा गेला. डेकमधला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबर झालेला. बोटांना लागला तो तीन दिवस निघाला नाही. चाकांवरचं सगळं स्पिरिटनं पुसून काढलं. पट्टा मिळेपर्यंत म्हणून जाड रबरबँड लावून बघितला: रेमो पाण्याखालून गातोय असं वाजलं, कारण रबरबँड ताणतो तसा वेग बदलतो. शेवटी मापाचा पट्टा टपालानं मागवला, पोस्टेजसकट ₹२४०. माप घेताना जुन्या पट्ट्याची लांबी मोजू नका, तो सैल झालेला असतो. चाकांभोवती दोरा फिरवून मोजा आणि थोडा कमी घ्या.

बैठकीत दुसरी बाजू सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला फीत गुंतली. काकूंनी पर्समधून पेन्सिल काढली. पेन्सिलवर कॅसेट फिरवताना तीन वेगवेगळ्या माणसांनी 'अरे हळू' म्हटलं, भाचा हे दृश्य मोबाइलवर चित्रित करत होता. फितीला एक सुरकुती राहिली, तिथं गाणं आता कायमचं अडखळणार. मित्राला कसं सांगायचं बघतो.

आवाज खडबडीत, मागे फितीची सळसळ. तरी इंग्रजी गाणी गोव्याच्याच हवेत वाढलेली आहेत हे लगेच कळतं. कोकणी येणाऱ्या दोघांना जास्त मजा आली.

३० मार्च

गुढीपाडवा, बैठक नाही. घरी पुरणपोळी खाऊन यादी पुढे सरकवायला बसलो आणि अडलो. अख्खा मराठी अल्बम लावायचा आहे. सिनेमाचा नको, भावगीतांचा संच नको. सुटी गाणी मिळतात, उत्तम मिळतात. मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटात मवाली मराठीत गातो. त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर आहेत. ते गाणं मी पंचवीस वेळा तरी ऐकलं असेल. पण बसून, क्रमानं, चाळीस मिनिटं ऐकावा आणि उठताना वाटावं की आपण कुठंतरी जाऊन आलो, असा माझ्या दहा वेळांच्या अटीत बसणारा अल्बम माझ्याकडे नाही. दोष अल्बमांचा की माझ्या इंग्रजी मासिकं वाचत बसलेल्या कॉलेजच्या वर्षांचा, याचा विचार पुरणपोळीनंतर करू नये. जागा रिकामी ठेवली.

१३ एप्रिल

'अवियल', केरळच्या त्याच नावाच्या बँडचा, २००८. मल्याळम रॉक, लोकगीतांच्या अंगानं जाणारा. निवडीचं कारण उघड होतं, सिस्टर. या वेळी त्यांना आधीच विचारलं की अर्थ सांगाल का, आणि त्या कागदावर लिहून घेऊन आल्या. 'आडु पांबे' हे नारायण गुरूंच्या काव्यातलं. "नाच, सापा, नाच," एवढं सांगून म्हणाल्या, "पुढचं तुमच्या ज्ञानेश्वरीत असेलच. कुंडलिनीचं आहे." काकूंनी लगेच सहावा अध्याय काढला. चहा गार झाला.

अडचण उन्हाची. गाळ्यात ३९ अंश, पंखा लावला तर आवाज, बंद केला तर माणसं घामाघूम. रॉक होता म्हणून पंखा चालून गेला. 'पिंक मून'सारखं काही आता जूनपर्यंत विसरायचं. वेळ सहावर नेली. पाऊण तासानं लाइट गेली, शेवटची दोन गाणी राहिली. इन्व्हर्टर घरचा आहे, गाळ्यापर्यंत वायर ओढायचं काम लिहून ठेवलं.

२० एप्रिल

बैठक नव्हती. मी खोबणीतल्या ट्यूबा बघत होतो तेवढ्यात चाचा आले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ते पहिलंवालं लाव."

"कुठलं?"

"तारा उतरलेलं."

'लव्हलेस' लावला. छोटे स्पीकर, गोधड्या, शटर गप्प. आवाज निम्म्यापेक्षा कमी. चाचा डोळे मिटून बसले, मी पेचकस हातात धरून उभाच. 'टू हिअर नोज व्हेन' आलं, ज्यात गाणं कुठं आहे तेच मला स्वतःला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. चाचांनी हात वर केला.

"उतरलेली नाही. हलतेय. सगळ्या मिळून हलताहेत." मग म्हणाले, "चार तानपुरे जवळजवळ लागलेत पण अजून पुरते लागले नाहीत, तेव्हा कारखान्यात असा आवाज असतो. मला तो आवडतो. गिऱ्हाइकाला ऐकवत नाही आम्ही."

अख्खा ऐकून गेले. जानेवारीत मी मंडपाचे स्पीकर आणि भाषण लावून या माणसाचा अल्बम तीन महिने पुढे ढकलला होता.

२७ एप्रिल

भाच्यानं पहिल्यांदा स्वतः निवडला. सीधे मौतचा 'नायाब', २०२२. दिल्लीची दोन रॅपर पोरं, संगीत सेझ ऑन द बीटचं. माझी पन्नास मिनिटांची अट मोडणारा. "मामा, तुमच्याच अटी पाळायच्या तर मग तुम्हीच निवडा," म्हणाला. बरं म्हटलं. दहा वेळा ऐकलायस का? "चाळीस." गप्प बसलो.

मी घाबरत होतो ते शिव्यांना. काकू पुढच्या रांगेत. पहिली शिवी आली, भाचा लाल झाला, काकू ढिम्म. चहाच्या वेळी म्हणाल्या, "पस्तीस वर्षं आठवीच्या वर्गावर होते मी. शिव्यांचं मला सांगू नकोस. ते आईबद्दल काय म्हणाले ते परत लाव, वेगात निसटलं." भाच्यानं लावलं. ओळ थांबवून थांबवून अर्थ सांगितला. ओळींचं बोलणं संपायला पावणेआठ झाले. अल्बम दोनदा ऐकल्यासारखाच झाला.

माझं प्रामाणिक मत: मधली तीनचार गाणी गाळली असती तर बरं झालं असतं. हे मी बोललो तर भाचा म्हणाला, "तुमच्या 'लव्हलेस'मधली पण." चाचा म्हणाले, "त्यातलं एक नाही."

हिशेब इथपर्यंतचा: साफसफाई, अँप्लिफायर, स्पीकर, केबल, खिळे, पट्टा, फसलेले खर्च आणि अल्बम विकत घेतले त्याचे ₹४,२०० धरून एकूण ₹२१,०८०. त्यातले ₹१,८५० सरळ पाण्यात, म्हणजे वरातीचे स्पीकर आणि न बिघडलेल्या अँप्लिफायरची दुरुस्ती. चहा डब्यातून निघतो, दर वेळी वीसतीस रुपये कमी पडतात.

पुढची बैठक ११ मे, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा 'बिस्मिल्ला'. निवड काकूंची, नावावरून. त्याआधी डाव्या खोबणीतली ट्यूब बदलायची आहे, उन्हानं चिकट झालीय आणि शटर अर्ध्यावर अडतं.